चमकणारी हजेरी

कार्यालयातले कर्मचारी जागेवर सापडत नाहीत, ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. अंगठ्याचं यंत्र होतं, पण लोक अंगठा टेकवून पसार होत. म्हणून सर्व खुर्च्यांना चमकणाऱ्या सेंद्रिय रसायनाचा लेप देण्याचा आदेश निघाला.

प्रयोगशाळेतून तज्ज्ञ बाई आल्या. "आम्ही हे रसायन जिवंत पेशींना जोडतो," त्या म्हणाल्या. "मग पेशी कुठे कुठे फिरते ते निळ्या दिव्याखाली दिसतं."

"आमच्याकडे फिरणं अपेक्षित नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळी प्रत्येकाने दारातल्या निळ्या दिव्याकडे पाठ करून किंचित वाकायचं. खुर्चीचा लेप लागून पार्श्वभाग हिरवा चमकला तर हजर, नाही तर गैरहजर.

पहिल्याच दिवशी खिडकीमामा चमकले नाहीत. दाखल्यांची खिडकी त्यांची. ती इतकी उंच बसवली होती, की बसून समोरच्याचं नुसतं कपाळ दिसे. त्यामुळे मामा पहिल्यापासून उभ्यानेच काम करत.

"अहो, दिवसभर इथेच तर होतो. सगळी रांग संपवली," मामा काकुळतीला आले.

"रांगेचं मला विचारू नका," हजेरीच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही मागून अंधारे आहात. रजा लावते."

लेकीच्या बाळंतपणासाठी मामांनी जिवापाड रजा साठवली होती, आणि आता रोज काम केलं की एक रजा कमी होत होती. तिकडे लेखापाल सकाळी येऊन खुर्चीवर बूड घासत आणि थेट संध्याकाळी दिव्यासमोर वाकायला उगवत. त्यांना नियमित उपस्थितीचं प्रशस्तिपत्र मिळालं.

लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही येणार ना नक्की?"

"येतो गं. आजपासून बसतोच," मामा म्हणाले. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि ऐसपैस बसले. त्या संध्याकाळी ते असे झळकले, की साहेबांनी स्वतः पाठ थोपटली. रजा मंजूर झाली. नात झाली, आणि मामांनी तिला पोटभर खेळवलं.

इकडे बंद खिडकीबाहेर रांग जिन्याखाली उतरली, तक्रारी झाल्या. साहेब न्यायी माणूस. एकाच मापाने मोजायचं म्हणून त्यांनी निळा दिवा रांगेवर फिरवला. बाहेर बसायला साधा बाकही नव्हता, त्यामुळे एकही पार्श्वभाग चमकला नाही. 'उपस्थित नागरिक: निरंक' असा अहवाल गेला आणि गरज नसल्याने खिडकी कायमची बंद झाली. मामा परतले ते तिच्यामागे निवांत बसले.

तेव्हा आपण उगाच खिडकीची काच वाजवू नका. मामांना आपली दया येते, पण उठले तर त्यांची रजा जाते. शिवाय एकदा मागे हात लावून बघा. पार्श्वभाग कोरडा आणि अंधारा असेल, तर आपण अजून आलेलेच नाही आहात.