हॉटेल कॅसिनोचा सिंह

गोव्याला जाऊन आल्यापासून कल्याणच्या डोक्यात एकच खूळ होतं, तिथल्या कॅसिनोसारखा थाट आपल्या हॉटेलाला आणायचा. संगमनेरजवळच्या हमरस्त्यावर त्याचं ‘हॉटेल सविता’ चांगलं चाललं होतं. त्याने पाटी बदलून ‘हॉटेल कॅसिनो’ केलं. पुढे सिमेंटचा पिरॅमिड उठवला आणि दारात सिंहाचं धड, माणसाचं तोंड असलेला भलाथोरला पुतळा बसवला. तो घडवला गणपती करणाऱ्या वाल्मिकने, त्यामुळे सिंहाच्या डोळ्यांत फार माया उतरली.

“माझं नाव पुसून जुगाराचं लावलंत!” बायको सविता कडाडली.

“अगं, जुगार न्हाई. नुसती थीम हाय.”

दुसऱ्याच दिवशी हवालदार आले. त्यांनी भटारखान्यापर्यंत झडती घेतली. सापडल्या कोथिंबिरीच्या जुड्या.

“पत्ते कुठं हायेत?”

“साहेब, पत्ते न्हाईत. थीम हाय.”

“थीम? ती कोनत्या कलमात बसती?”

संध्याकाळपर्यंत कल्याणने ‘कॅसिनो’ खरवडून काढलं. पाटीवर नुसतं ‘हॉटेल’ उरलं.

जरा दम खातो, तोच शेजारच्या गोजरबाईंची हरवलेली म्हैस त्या सिंहाच्या सावलीत बसलेली सापडली. गोजरबाईंनी तिथेच नारळ फोडला, सिंहाला शेंदूर फासला. पुढच्या मंगळवारी रांग लागली.

“गोजरमावशी, ह्यो देव न्हाई वो! शोभेचा हाय!”

“गप बस. म्हैस काय शोभेला सापडली व्हय?”

मग लोकांनी बजावलं, देवापुढं कोंबडी शिजणार नाही. बिर्याणी बंद झाली. लोक दर्शन घ्यायचे, फुकटचं पाणी प्यायचे, निघून जायचे. दारात चपलांचा ढीग, आत टेबलं रिकामी. सविता रोज विचारायची, “आता काय, आपन परसादावर जगायचं?”

अखेर कल्याणने पुतळा उखडायला जेसीबी बोलावला. गर्दी जमली. ड्रायव्हर उतरला, चपला काढल्या, सिंहाकडे पाहिलं आणि परत वर चढेना.

“मालक, माझ्या घरी लेकरंबाळं हायेत. मी न्हाई हात लावनार.”

“आरं, सिमेंट हाय ते! म्या स्वतः आनलंय!”

कुणी ऐकेना. कल्याणचं डोकं फिरलं. तो तरातरा सिंहापुढे गेला, कोपरापासून हात जोडले आणि ओरडला, “बाबा रे, आता तूच ऊठ हितनं! तुझ्या पाया पडतो!”

तोच मागून गोजरबाईंचा आवाज आला, “बघा, मालकालाबी पावला!”

आणि धडाधड नारळ फुटू लागले.