दोन डाव्या पंखांची मोहीम

विमान उडाले. दंतवैद्य फत्ते पावले, जेवणाचे टेबल सुटले, आणि साडूसाहेबांची उजवी बाही तेवढी रणी पडली.

ऐसे काहीही घडलेले नाही. वरील मजकूर कोणी वाचिला असेल त्याने न वाचिल्यासारखे तोंड करावे आणि पुढे चालावे. फत्ते आधी कळली म्हणजे वाचणारा उशी घेतो, आणि उशी घेतलेल्या माणसापुढे मोहीम सांगणे शोभत नाही.

आता हकीकत ऐसीजे. राजमान्य राजश्री दंतवैद्य, समस्त दाढांचे शास्ते, कीडनिर्दालक, हिरड्यांचे कैवारी, यांची गादी बाजारातील दवाखान्यात आणि मुक्काम तिसऱ्या मजल्यावर, जेथे लिफ्ट आहे परंतु ती चालत नाही. घरात एक मातोश्री, एक बाईसाहेब आणि एक लढाऊ विमान. विमान नमुन्याचे, परंतु नमुना ऐसा थोर की त्याचे धड सोफ्यावर निजविले असता घरची माणसे खुर्च्यांवर जात, आणि पाहुणा आला तर शेपटीशी अंग चोरून टेके. हे विमान रिमोटने खरेखुरे आकाशी न्यावे हा दंतवैद्यांचा बहुत दिवसांचा संकल्प. धड विकत आणिले, त्यासोबत पंखही आले, परंतु ते आखूड आणि अस्सल विमानाचे लांब. विमानवाल्यांच्या मैदानावर कोणी हसले नव्हते, तरी कोणी हसेल या धास्तीने दंतवैद्यांनी ते पंख माळ्यावर हद्दपार केले आणि हुकूम सोडिला जे, पंख कोऱ्या लाकडापासून स्वहस्ते बांधावे. हुकूम त्यांनीच केला आणि तो बजावण्यास दुसरे कोणी नसल्याने त्यांनाच पोचला.

त्यास रणभूमी पाहिजे. लांब, सपाट, न डगमगणारी ऐसी जागा त्या मुलखात एकच, जेवणाचे टेबल. ते दंतवैद्यांनी दोन रोजांच्या बोलीने घेतले आणि मग सोडिले नाही. पंखाचा नकाशा पसरिला, त्यावर मेणकागद घातला, त्यावर हलक्या बाल्सा लाकडाच्या फासळ्या ओळीने उभ्या केल्या आणि टाचण्यांनी खिळविल्या, आणि कपडे वाळत घालण्याचे समस्त चिमटे गॅलरीतून धरून आणून फासळ्यांच्या तैनातीस दिले, येणेकरून ओले कपडे उडोन खालच्या मजल्यांच्या मुलखात पसार होऊ लागले. कुटुंब उभ्याने जेवू लागले. मातोश्री फ्रिजवर ताट ठेवीत आणि म्हणत, "रोज कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं वाटतं बाई."

अखेर बाईसाहेबांचे फर्मान निघाले जे, शनिवारी सायंकाळी ताई आणि भाऊजी जेवावयास येणार, तत्पूर्वी टेबल खाली व्हावे, आणि रविवारी विमान उडावे. न उडाल्यास ते दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीच्या छतास टांगावे आणि टेबलाकडे पुन्हा वाकडी नजर करू नये.

"अहो, निदान सोमवार तरी..." दंतवैद्यांनी तहाचे बोलणे लाविले. (बाईसाहेब आणि ते एकमेकांस अहो म्हणत, घरात ही बरोबरी एवढीच उरली होती.)

"शनिवार म्हटलंय मी. आणि टांगायचा हूक आणून ठेवलाय."

हूक खरोखर आणिला होता. तो पाहून दंतवैद्यांनी मनाशी ठरविले जे, मरण परवडले, टांगणे नको. जे आकाशासाठी बांधिले ते छताच्या पंख्याच्या वाऱ्यावर हलताना उभा जन्म पाहावे, आणि दाढ दुखणाऱ्याने खालून विचारावे, "डॉक्टर, हे उडतं का हो?" आणि आपण म्हणावे, "आ करा." ऐसी बेअब्रू सोसणार कोण?

त्यातून येणारे साडूसाहेब विम्याच्या कचेरीत अपघातांचे पाहणीदार. कोणतीही चीज पाहिली की ती मोडेल कोठून हे आधी पाहावे, ऐसी त्यांची नजर. मागील भेटीत विमानाचे धड पाहून ते एवढेच वदले होते, "छान आहे. पडणार कुठे?"

असो. डावा पंख उत्तम वठला. परंतु नकाशा एकट्या डाव्याचाच होता, आणि कोपऱ्यात लिहिले होते की उजवा यासारखाच, उलट बाजूने. तेथे कारागिरांची जुनी रीत ऐसी की कागदास तेल चोळावे म्हणजे तो पारदर्शक होतो, मग तो पालथा घालावा आणि पाठीवर दिसणाऱ्या रेघांवरून उजवा पंख बांधावा. सबब दंतवैद्य तेल मागावयास स्वयंपाकघराच्या हद्दीवर उभे राहिले.

"एक थेंब मिळणार नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "मागे इस्त्री नेलीत, ती परत आली तेव्हा तिला प्लॅस्टिक चिकटलं होतं. माझ्या पांढऱ्या ओढणीवर अजून विमानाचा रंग आहे."

दंतवैद्यांचा अभिमान दुखावला, आणि दुखावलेल्या अभिमानास भलतीच अक्कल सुचते. ते मनात वदले जे, आमची हयात लोकांच्या तोंडात इवलासा आरसा धरून मागच्या दाढा कोरण्यात गेली, आम्हांस तेलाची याचना कशास? उलटे पाहावयाचे, तर आरसा आहेच. मग त्यांनी कपाटाचा मोठा आरसा उतरविला, टेबलाच्या कडेस उभा केला, आणि नकाशाकडे न पाहता आरशातील नकाशा पाहोन उजवा पंख बांधावयास घेतला, शीळ घालीत.

येथे घात झाला तो ऐसा. आरशात काम करणाऱ्या दंतवैद्याचा हात वर्षानुवर्षे एकच धडा गिरवितो, की आरसा खोटे बोलतो, तेव्हा त्याने डावीकडे दाखविले की आपण उजवीकडे जावे. हा हात धन्यास विचारीत नाही. तो येथेही इमानेइतबारे चालला. आरशाने नकाशा उलटा केला आणि हाताने आरसा उलटा केला, आणि उलट्याचे उलटे जे सुलटे, तेच फासळी फासळीने टेबलावर उभे राहिले. दंतवैद्यांस संशय म्हणोन आला नाही. उलट त्यांस वाटले की हे काम कसे सरावाचे वाटते!

शुक्रवारी दुपारी मातोश्री चहा घेऊन आल्या, दोन्ही पंख शेजारी ठेविलेले पाहिले, आणि कप तसाच धरून उभ्या राहिल्या.

"अरे, दोन्ही एकाच पायाचे बूट झालेत की हे."

"आई, तुला यातलं कळत नाही."

"बरं. घालून बघ मग."

दंतवैद्यांनी दुसरा पंख उचलून धडाच्या उजव्या बाजूस लाविला. पंखाचे नाक म्हणोन जी पुढली कड ती शेपटीकडे गेली. फिरविला, तेव्हा नाक पुढे आले परंतु पाठ जमिनीकडे आणि पोट आभाळाकडे झाले, आणि चाक बसवावयाची खोबण छताकडे तोंड करून आ वासून राहिली, जैसा पेशंट खुर्चीत. दंतवैद्य खुर्चीवर बसले. खुर्चीवर चिमटे होते. तरीही ते उठले नाहीत, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

बाईसाहेब आल्या. कोठे आग लागली ते पाहावयास यावे तैशा आल्या, आणि पाहून प्रथम हसल्या, मग नवऱ्याचे तोंड पाहोन थांबल्या.

"मग लावा ना तसाच, उलटा."

"तसा कसा लावणार? पंखाची पाठ फुगीर असते आणि पोट सपाट. त्या फुगवट्यानं विमान वर उचललं जातं. उलटा लावला की एक बाजू वर जाणार, दुसरी खाली. लाटण्यासारखं गरागरा फिरून जमिनीत."

"मग पोट सपाट ठेवलंय कशाला? दिवसभर लोकांच्या दातांत भरता, यात नाही भरता येत?"

टोमणा होता. परंतु दंतवैद्य ताडकन उठले, आणि पाठीस दोन चिमटे लटकत असता त्यांनी बाईसाहेबांचा हात धरिला. पोटात भर! एका पंखाच्या नव्हे, दोन्ही पंखांच्या पोटास पाठीएवढाच फुगवटा दिला, तर पाठ कोणती आणि पोट कोणते हा तंटाच मिटतो. मग पंख पालथा घाला की उताणा, वाऱ्यास दोन्ही सारखे, आणि पालथा घातलेला डावा तोच उजवा. अस्सल विमानाचे पंख ऐसे नव्हते हे खरे. परंतु अस्सल विमान टांगावयाचे हूकही कोणी आणिले नव्हते.

शनिवारी दवाखान्यास कुलूप पडले. एका पेशंटाने फोनवर ठणक्याची फिर्याद केली, त्यास हुकूम गेला जे, सोमवारपावेतो दुसऱ्या बाजूने चावावे. मग दंतवैद्यांनी दवाखान्याचे बारीक ड्रिल आणोन नव्या अर्धफासळ्या कापिल्या, एकेक सपाट पोटास चिकटविली, कानशीने गोल केली, आभाळाकडील खोबण बुजविली आणि जमिनीकडे नवी कोरिली. आणि जेव्हा पंखांवर प्लॅस्टिकचे कातडे इस्त्रीने ताणावयाची वेळ आली, तेव्हा बाईसाहेब स्वतः इस्त्री घेऊन रणात उतरल्या. "द्या इकडे. तुम्ही परत चिकटवाल." त्यांनी दोन्ही पंख ऐसे ताणिले की एक सुरकुती मिळेल तर शपथ.

बेल वाजली तेव्हा टेबलावर अद्याप टाचण्या होत्या. बाईसाहेबांनी दारातच बहिणीस मिठी घातली आणि ती सोडिलीच नाही, तेवढ्या अवकाशात मातोश्रींनी आणि दंतवैद्यांनी पंख पलंगावर नेले, टाचण्या उपटल्या, टेबल पुसले. टेबल सुटले! फक्त गोंदाचा एक थेंब नजरेतून सुटला, आणि तो नेमका साडूसाहेबांच्या कोपराखाली सापडला. साडूसाहेब दोन्ही पंख पाहून आले, खुर्चीत बसले, कोपर टेकिले आणि भाकीत करू लागले जे, पोट फुगविलेले विमान उड्डाणास अपात्र आहे, आणि हात झटकून "खलास!" म्हणावयास गेले तो हात येईना.

"भाऊजी, आणखी वाढू?" बाईसाहेबांनी विचारिले.

"वाढा," साडूसाहेब म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

दंतवैद्यांनी अखेर हिरडी कापावयाच्या सुरीने बाही कापून माणूस सोडविला. ती बाही उजवी होती, यावर सर्वांचे एकमत झाले.

रविवारी सकाळी साडूसाहेबांसह सारे मैदानावर जमले, पंख धडास जोडिले, आणि विमान धावले, आणि चाके भुईवरून सुटली. वर गेले, वळले. मग रिमोटवरील दंतवैद्यांचा अंगठा घसरला, आणि विमान एकाएकी पाठीवर झाले.

"उलटं झालं! उलटं झालं! मी म्हटलं नव्हतं?" साडूसाहेब ओरडले.

परंतु वाऱ्यास काय ठाऊक? पोटही तेच, पाठही तीच. विमान चाके आभाळाकडे करून निवांत उडत राहिले, जैसे कोणी सुटीच्या दिवशी गवतावर उताणे पडावे. मैदानातील विमानवाले खेळ थांबवून पाहू लागले, आणि त्यांतील एकाने विचारिले की हे मुद्दाम केले काय. दंतवैद्य आकाशावरील नजर न काढता वदले, "अर्थात." आणि बाईसाहेब, ज्यांच्या पर्सेत हूक होता, टाळ्या पिटीत होत्या.

मग विमान सुलटे करून उतरविताना एक चाक निखळून साडूसाहेबांच्या पायाशी आले. त्यांनी ते उचलिले, निरखिले आणि म्हणाले, "एवढंच मोडलं?" त्यांच्या तोंडून याहून थोर बिरुद आजवर कोणास मिळाले नाही.

येणेप्रमाणे फत्ते झाली. टेबल मूळ मालकिणीस पोचले, चिमटे आपापल्या ठाण्यांवर रुजू झाले, हुकास दवाखान्यात छत्री अडकविली, आणि विमान सोफ्यावर कायम झाले. सदरहू विजय येथे रीतसर नोंदविला असे.

तरी दंतवैद्यांचा बाईसाहेबांचे हुजुरी नम्र अर्ज ऐसाजे: पुढील विमान चार इंजिनांचे योजिले असून त्यास टेबल तोकडे पडते, सबब शयनगृहातील पलंग, गादी, उशा आणि वरील माणसे यांसह खाली करून, काम पुरे होईतो, म्हणजे अदमासे दोन वर्षे, अर्जदाराचे ताब्यात द्यावा, आणि थोडे तेलही मंजूर करावे. मर्जी असावी.