बबनदादांची कानपिळी

“आरं सोड रं, पोराचा कान तुटंल!” माझी आई भर मांडवात ओरडत होती. कान माझा होता आणि तो बबनदादांच्या चिमटीत होता.

माझ्या नवरीला, सुलूला, सख्खा भाऊ नाही. म्हणून खालापूरच्या तिच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे बबनदादांनी, तिच्या ओंजळीत होमाच्या लाह्या घातल्या आणि भावाच्या मानानं माझा कान धरला. बाकीचे भाऊ कान धरतात, हसतात, टॉवेल-टोपी घेतात, सोडतात. बबनदादा पडले रसायनीच्या कारखान्यातले फिटर. त्यांनी कान नट-बोल्टासारखा आवळला. खालापूर तालुक्यात ज्या जावयाचा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर लांब दिसेल, त्याची बायको बिनभावाची समजावी.

“परत्येक विधीला अर्थ हाय,” कान न सोडता ते सावकाश समजावत होते. “लाह्या कशाला? तर भाताचं रोप उपटून दुसरीकडं लावतात, तशी लेक. मंग कान कशाला? तर तिच्या मागं कुनीतरी हाय, ह्ये जावयाला कळावं. कळलं?”

“कळलं.”

“नीट सांग.”

सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यात होमाचा धूर. मांडव हळूहळू तरंगायला लागला. सुलूची हळद धुरात विरघळली, माथेरानचा डोंगर कनातीवरून ढगासारखा सरकत गेला. पुढे तीन दिवस त्या कानाला आमच्या शेलूत घरी बसून माथेरानच्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू येत होती. खोटं वाटत असेल तर सुलूला विचारा.

टॉवेल-टोपी त्यांनी घेतली नाही. “पत्ता दे,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून एक रविवार सोडून एक रविवार त्यांची स्कूटर शेलूला येते. बसत नाहीत. दारातच पाणी पितात आणि सुलूकडे बघत राहतात.

“बरी हायस ना गं?”

“बरी हाय, दादा.”

“खरं सांग.”

मी आपोआप कान झाकतो.

त्यांच्या धाकट्या बहिणीची, कमळची गोष्ट मला सुलूनं सांगितली. सासरहून कमळ दोन वर्षं फोनवर “बरी हाय” म्हणत राहिली, आणि दादा ते खरं मानत राहिले. मग एका दुपारी ती पिशवी घेऊन कायमची माहेरी आली. तेव्हापासून ती कुणाशी फारसं बोलत नाही. दादांनी लग्न केलं नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसतात.

गेल्या रविवारी मी त्यांना खाली सोडायला गेलो.

“दादा, त्या दिवशी एवढा जोरात का पिळलात?”

त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली.

“कमळच्या नवऱ्याचा हळू पिळला होता,” ते म्हणाले.