दुरुस्तीचे बारा काळ

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागातल्या कारकुनाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी लेखी कळवण्यात आलं, की यापुढे नागरिकांना सर्व उत्तरं इंग्रजीतच जातील. शिवाय एखादं नियमित इंग्रजी क्रियापद बाराही काळांत बिनचूक चालवून दाखवल्याशिवाय कोणालाही मुख्य कारकून होता येणार नाही. परिपत्रकाच्या तळाशी ‘कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी’ असं छापलेलं होतं.

कारकुनाचं इंग्रजी सहीपुरतं होतं, आणि ती सहीही कोणाला वाचता येत नसे. शेवटी सूनबाईने शिकवणी पत्करली. ती मटार सोलत बसे आणि सासरे समोर वही उघडून.

“बाबा, क्रियापद सवयीचं घ्या. ऑफिसात रोज काय करता?”

कारकून प्रामाणिक माणूस. बराच विचार करून म्हणाला, “बसतो.”

“ते अनियमित आहे.”

“अनियमित कसं? तीस वर्षांत एक दिवस चुकलेलो नाही!”

अखेर ‘रिपेअर’ ठरलं. सूनबाईने सांगितलं, “हे सोपं आहे. मागे ‘ड’ लावला की काम झालं.”

“नुसता ड?” कारकून हरखला. “आमच्याकडे काम व्हायला दोन-दोन वर्षं लागतात गं!”

महिनाभर तो अंघोळ करताना, जिना चढताना, जेवताना क्रियापद चालवत राहिला. ‘वुई रिपेअर, वुई आर रिपेअरिंग, वुई विल रिपेअर...’ बायको म्हणाली, “स्वयंपाकघरातला नळ तेवढा एकाही काळात दुरुस्त झाला नाही.” पण परीक्षेत तो पास झाला. बढतीचा कागद मात्र ‘प्रत्यक्ष कामगिरी पाहून’ निघणार होता.

कामगिरीची संधी लगेच आली. कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळा मोहल्ला त्यांना बाई म्हणे. त्यांच्या फाटकासमोर पाइप फुटला होता. कारकुनाने उत्तर लिहिलं, ‘वुई रिपेअर पाइप्स.’ आम्ही पाइप दुरुस्त करतो. साधा वर्तमानकाळ, त्यात खोटं काही नव्हतं. चौथ्या दिवशी पत्र परत आलं. बाईंनी लाल शाईने एक गाळलेला पूर्णविराम दाखवून दहापैकी सहा गुण दिले होते. खाली लिहिलं होतं, ‘पाइप अजून गळतो आहे.’

कारकून पत्र घेऊन साहेबांकडे गेला. “साहेब, फिटरला पाठवू का?”

“कशाला? आपण उत्तर दिलं ना? म्हणजे तक्रार निकाली. पुन्हा तक्रार आली तर पुढच्या काळात उत्तर द्या. ती दुसरी तक्रार निकाली.”

मग ‘वुई आर रिपेअरिंग’ गेलं. मग ‘वुई विल रिपेअर’. दरवेळी लाल शाईचं पत्र परत येई. गुण वाढत होते, आणि फाटकासमोरचं पाणीही. बाई आधी दगडावर पाय ठेवून जात, मग फळीवरून, मग शेजाऱ्याच्या अंगणातून. ‘झालं’ असा अर्थ निघणाऱ्या काळांना मात्र कारकुनाने हात लावला नाही. न झालेलं काम झालं लिहायला त्याचा हात धजेना. तरीही एका पाइपावर सहा तक्रारी निकाली निघाल्या, आणि सर्वाधिक निपटाऱ्याबद्दल कार्यालयाला ढाल मिळाली.

तेवढ्यात घात झाला. कार्यालयाचा फिटर त्या रस्त्याने जाताना डबक्यात घसरला. तो चिडून उठला, पिशवीतून पाना काढला आणि वीस मिनिटांत पाइप दुरुस्त करून मोकळा झाला.

साहेबांनी त्याला उभं केलं. “कोणाच्या आदेशाने?”

“गळत होता म्हणून केला, साहेब.”

“फाइलमध्ये काम अजून भविष्यकाळात आहे! तू वर्तमानात कसं केलंस? उद्या तपासणी आहे. फाइल आणि पाइप जुळले पाहिजेत. फाइलमध्ये खाडाखोड चालत नाही.” त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. “तुम्ही दोघं जा, आणि पाइप होता तसा करून या.”

वाटेत फिटर म्हणाला, “बढती तुमची आहे, भाऊ. पण जोडलेला पाइप मी फोडणार नाही. पाना हा घ्या.”

कारकून फाटकासमोर उभा राहिला. रस्ता कोरडा होता. बाई कितीतरी महिन्यांनी आपल्या फाटकातून बाहेर येत होत्या. त्याने पाना फिटरच्या पिशवीत परत टाकला, ऑफिसात आला आणि रजिस्टरपुढे डोकं धरून बसला. खूप वेळाने त्याला एक काळ आठवला. त्याने लिहिलं, ‘वुई हॅड रिपेअर्ड द पाइप बिफोर यू कम्प्लेन्ड.’ आपण तक्रार करण्यापूर्वीच आम्ही पाइप दुरुस्त केलेला होता. पूर्ण भूतकाळ. पाइप वाचला, फाइल जुळली, फक्त बाई खोट्या ठरल्या.

साहेबांनी त्याला मिठीच मारली. संध्याकाळी बढतीचा कागद निघाला.

पण कारकुनाला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी तो पत्र घेऊन स्वतः बाईंकडे गेला आणि शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून उभा राहिला. बाईंनी चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. लाल पेन उचललं, आणि प्रथमच ते कागदाला न टेकवता ठेवून दिलं.

“दहापैकी दहा,” त्या गहिवरून म्हणाल्या. “चाळीस वर्षं शिकवलं, पण ‘हॅड’ इतका अचूक कोणी वापरला नव्हता हो.”

“पण बाई, तुम्ही तक्रार केलीत तेव्हा पाइप गळत होता ना?”

“होता की.”

“मग हे खोटं नाही का?”

“खोटं आहे,” बाई म्हणाल्या, “पण चूक नाही.” आणि त्यांनी ‘समाधान झाले’ या रकान्यात सही केली.

ते पत्र आता काचेच्या चौकटीत कार्यालयाबाहेर लावलेलं आहे. बादल्या घेऊन आलेले लोक रांगेत उभे राहून ते वाचतात. आजवर तिघांनी त्यावर लेखी हरकत घेतली. एकाच्या मते ‘बिफोर’च्या आधी स्वल्पविराम हवा, दुसऱ्याच्या मते नको, आणि तिसऱ्याला अक्षर थोडं मोठं हवं होतं. नवे मुख्य कारकून तिन्ही हरकती जपून ठेवतात. म्हणतात, चौथी तुमच्यासारख्या जाणत्या वाचकाकडून येईल. तुम्हालाही एव्हाना त्या वाक्यात काहीतरी खटकलं असेलच, स्वल्पविरामच ना?