बोहनीचं गिऱ्हाईक

बंगळुरात चिकपेटेत माझं साड्यांचं दुकान आहे. एवढंसं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याला पायरीवर चहा देतो. पण एक गोष्ट मी छाती फुगवून सांगतो. तीस वर्षांत बोहनीचं गिऱ्हाईक पद्माकरच्या दुकानातून रिकाम्या हाताने गेलेलं नाही! सकाळी पहिला येईल तो म्हणेल तो भाव. वडिलांनी घालून दिलेला नियम. लोक भिडेखातर दहा-वीस रुपयेच कमी सांगायचे, म्हणून तो टिकला.

यंदा, म्हणजे नव्व्याण्णव साली, हा नियम मी दोन माणसांना सांगितला आणि माती खाल्ली.

पहिला राजस, पुण्याचा. इंटरनेटवर शोधाशोध करून देणाऱ्या कंपनीतला. "काका, कुणी इरकल साडी शोधली की तुमचं दुकान पहिलं दिसेल. एकदम फ्री. फक्त बेस्ट साडीचा फोटो पाहिजे."

बेस्ट साडी दुकानात नव्हती. ती घरच्या ट्रंकेत होती, हेमलताची, म्हणजे आमच्या हिची, लग्नातली. "एकच दिवस हं," असं बजावून तिने दिली. मी ती शोकेसमध्ये लावली, फोटो झाला आणि साडी महिनाभर तिथेच राहिली. ही रोज विचारायची, मी रोज म्हणायचो, उद्या आणतो.

मग सिद्धी आली, मुंबईची. तिची कंपनी इंटरनेटवरच बाजार भरवणारी. "अंकल, ते लोक नुसतं दाखवतात. आम्ही विकतो." तिनेही फोटो काढला, नियम लिहून घेतला. दोघंही पैसे मागत नव्हती, मग कशाला कुणाला दुखवा? दोघांनाही 'सरी', म्हणजे कानडीतलं 'बरं', म्हटलं.

या दोन कंपन्यांचं आपसात हाडवैर आहे, हे मला कोण सांगणार?

बुधवारी दुकान उघडायला गेलो तर दारात सात जण, प्रत्येकाच्या हातात छापील कागद. राजसच्या कंपनीने जाहीर केलं होतं, पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणेल त्या भावात साडी! पहिला म्हणाला, "पन्नास रुपये, अण्णा." साडी चारशेची. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण दिली.

गुरुवारी वीस जण. सिद्धीच्या कंपनीने कडी केली होती. कुठलीही साडी, रेशमीसुद्धा! पहिली बाई तीस रुपयांत रेशमी घेऊन गेली.

राजसला फोन लावला. "काढ बाबा ते."

"काका, त्यांनी काढलं की आम्ही काढतो. नाहीतर लोक तिकडे जातील."

सिद्धीला लावला. "आधी त्यांना काढू दे ना, अंकल."

"अगं, पण दुकान माझं आहे ना?"

"दुकान तुमचंच आहे, अंकल. ऑफर आमची आहे."

शुक्रवारी संध्याकाळी राजसचा घरी फोन आला. मी आंघोळीला गेलो होतो, तो हिने घेतला. काय बोलणं झालं विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. जेवायला बसा."

शनिवारी उठलो तर ही घरात नाही. देवळात गेली असेल म्हणून मी दुकान गाठलं. रांग थेट कोपऱ्यापर्यंत! मधल्या एकाने कागद नाचवला. "आनेकलहून, एवढ्या लांबून आलोय अण्णा, स्वल्प लवकर उघडा." मी कागद दोनदा वाचला. राजसच्या कंपनीने नवी ओळ घातली होती, 'फोटोतली साडीसुद्धा'.

म्हणजे हिची लग्नातली! नियम मोडावा तर तीस वर्षांची अब्रू जाणार. पाळावा तर कुठल्या तोंडाने घरी जाऊ? मी रांग मोजायला लागलो, किल्ली हातात तशीच. रांगेतल्या पहिल्या बाईने ती माझ्या हातातून घेतली आणि कुलूप उघडलं. डोक्यावरचा पदर मागे सारला. हेमलता! राजसने फोनवर नवी ओळ हिलाच सांगितली होती. घरून, शिवाजीनगरहून, पहिल्या बसने येऊन ती पहाटेपासून उभी होती.

"शोकेसमधली काढा," ती म्हणाली.

"अगं, तू..."

"बोहनीचं गिऱ्हाईक आहे मी. सव्वा रुपया."

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी साडी घडी करून दिली. तिने सव्वा रुपया मोजून ठेवला. बाकीचे हळहळत पांगले.

ऑफर दोन्ही कंपन्यांनी अजून काढलेली नाही. पण रांग लागत नाही, कारण पहिला नंबर रोज हिचाच. रोज नवी साडी, भाव तोच, आणि वर पावतीसुद्धा मागते.