शेजारी राष्ट्रांची प्रतिक्रिया

लंडनजवळच्या इल्फर्डमधले आमचे शेजारी नारकरकाका बोलत नाहीत, निवेदन काढतात. वादळात त्यांच्या फेन्सचं पॅनेल आमच्या गुलाबांवर कोसळलं, तेव्हा दारात येऊन म्हणाले, “घडल्या प्रकाराबद्दल आम्ही खेद व्यक्त करतो. मात्र जबाबदारी निश्चित करणं घाईचं ठरेल.” हे ‘आम्ही’ म्हणजे काका एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली.

जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला परराष्ट्रखात्याची भाषा कुठून लागली, कोण जाणे. पण तिच्यातली हवा काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. “‘स्वागत करतो’ म्हणजे टरकलेत. ‘लक्ष ठेवून आहोत’ म्हणजे टीव्ही बघतायत, तुमच्या-आमच्यासारखे. आणि ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ असं कोणी म्हटलं की, अहो जोशी, आधी पासपोर्ट शोधायचा.”

दुसरा हट्ट हीटिंगचा. नोव्हेंबरच्या आत रेडिएटर लावणं म्हणजे चारित्र्याचा ऱ्हास. कुडकुडणाऱ्या पाहुण्याला एकच उत्तर, “स्वेटर घाला.”

गेल्या ऑक्टोबरात दूरच्या एका देशातला पदच्युत हुकूमशहा पकडला गेला. सकाळीच काकांनी आमच्या दोन घरांमधली भिंत ठोकली. म्हणजे ‘या’. गेलो तर कोट-मफलर घालून टीव्हीसमोर. त्या देशाला लागून असलेल्या देशात, अगदी सीमेवरच्या इस्पितळात, त्यांची मुलगी मुक्ता डॉक्टर आहे. ती तिकडे निघाली तेव्हा काकांनी ‘तीव्र नापसंती’ नोंदवली होती. तेव्हापासून संबंध सणावाराच्या शुभेच्छांपुरते उरले होते.

टीव्हीवर एकेक शेजारी राष्ट्र बोलत होतं. उत्तरेकडच्यानं अटकेचं स्वागत केलं. याच गृहस्थासाठी त्यानं मागे लाल गालिचा अंथरला होता. पश्चिमेकडच्यानं संयमाचं आवाहन केलं आणि रणगाडे सीमेवर नेले. मुक्ता होती तो देश मात्र चकार शब्द काढत नव्हता. तिथला विमानतळ बंद झाला होता.

“मौनाचा अर्थ काय, काका?” मी विचारून बसलो.

काकांनी रिमोट खाली ठेवला आणि मुक्ताचा नंबर फिरवला.

फोन लागत नव्हता. चहा झाला, पुन्हा चहा झाला. दुपारी मुक्ताचा मेसेज आला. काकांनी चष्मा पुसून वाचला, “बाबा, परिस्थिती नियंत्रणात आहे.”

“आमचीच पोरगी,” ते पुटपुटले.

मग उत्तर लिहायला बसले. ‘आम्हाला चिंता वाटते’ लिहिलं, खोडलं. ‘सर्व संबंधितांनी’ लिहिलं, तेही खोडलं.

“काका, सरळ ‘ये’ म्हणा ना.”

“तसं म्हटलं तर यायची नाही. बापावर गेलीय.”

ते उठून वर गेले. थोड्या वेळानं भिंतीतला हीटिंगचा पाइप तापून टकटकला. खाली येऊन त्यांनी एकच ओळ पाठवली, “तुझ्या खोलीतला रेडिएटर लावलाय.”

उत्तर लगेच आलं. “ऑक्टोबरमध्ये? बाबा, तू बरा आहेस ना?” आणि पाठोपाठ दुसरं, “मला भीती वाटतेय. एअरपोर्ट उघडला की निघते.”

काकांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. अर्थ सांगितला नाही. मग मफलर घट्ट करून पुन्हा टीव्हीसमोर बसले. खालचा रेडिएटर बंदच होता.