थंड मुलखातले पाहुणे

अनसिंगच्या बसथांब्यावर कोणी खिल्लारे सरांना विडीसाठी काडेपेटी मागितली, की सर सदऱ्याच्या खिशातून एक पेटी काढत, वरची चिठ्ठी वाचत आणि म्हणत, "ही धनजची हाये." मग दुसरी काढत. "ही शिरपूरची, मंदिरामागची." मग तिसरी. एकाही पेटीत काडी नसे. माती नाहीतर वाळलेलं शेवाळ असे. मागणारा विडी तशीच ओठांत धरून बसमध्ये चढे.

मी अनसिंगचा भाजीवाला. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली. आज स्वतःचा मळा आहे, विहीर आहे, विहिरीवर इंजिन आहे. भावात मला आजवर कोणी हरवलं नाही. माझं नुकसान एकाच माणसानं केलं, आणि तेसुद्धा माझं कौतुक करून.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवत. एकदा माझ्या वांग्याच्या वाफ्यातली चमचाभर माती आणि विहिरीतलं चिमूटभर शेवाळ मागून घेऊन गेले. पुढच्या बाजारात, ऐन गर्दीत, माझ्या दुकानापुढे उभे राहिले आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "संपतभाऊ, अभिनंदन! तुमच्या मातीत शेकड्यानं किडे निंगाले!"

समोर एक बाई वांगी निवडत होती. तिनं हातातलं वांगं विंचू सोडावा तसं सोडलं. "माय वं! किड्याचे वांगे!"

"अवो बाई, किडे वांग्यात नाई, मातीत हायेत," मी म्हटलं.

"आन् वांगे कुठं पिकतात? आभाळात?"

त्या दिवशीची वांगी म्हशीनं खाल्ली. मी सरांच्या घरी भांडायला गेलो. "सर, तुमी माह्या पोटावर पाय देऊन राह्यले!"

सर खरोखरच गोंधळले. "पन भाऊ, ज्या मातीत किडे नाई ते माती मेली समजा. मी तं तुमची तारीफ केली." मग टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "भांडन मंग करू. आदी हे पाहा."

टेबलावर शाळेचा जुना सूक्ष्मदर्शक होता. मी एक डोळा मिटून पाहिलं. माझ्याच विहिरीच्या शेवाळातला एक प्राणी आत चालत होता. आठ पाय, लठ्ठ अंग, जेवण जास्त झालेल्या पाहुण्यासारखी चाल. सर त्याला पाण्यातलं अस्वल म्हणत. पाणी आटलं की हा पाय पोटाशी घेऊन राजगिऱ्याच्या दाण्यासारखा होतो, म्हणे, फक्त त्याहून कितीतरी बारीक. वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. थेंबभर पाणी पडलं की उठून चालायला लागतो.

"आता धनजच्या विहिरीतलं पाहा," सर म्हणाले. मला तर दोन्ही सारखीच दिसली. "दिसनारच सारखे. पन यायच्या अंड्यावरची नक्षी पाहा. रूप एक, बी येगळं!"

हे 'रूप एक, बी येगळं' सर दिवसातून दहा वेळा म्हणत. इतर लोक हसत, पण मला ते तिथल्या तिथे पटलं. दोन मळ्यांतली काटेरी वांगी गिऱ्हाइकाला सारखीच दिसतात. बियाणं वेगळं आहे हे माळ्यालाच कळतं. पुस्तकवाले या सगळ्यांना एकच जात म्हणतात, आणि सरांचं म्हणणं, एकेका विहिरीत एकेक घराणं आहे. भांडायला गेलेला मी चहा पिऊन परत आलो. वांग्यांचा राग मात्र मी सोडला नाही. राग हा माल मी कधी स्वस्तात विकत नाही.

पंचाहत्तर साल असावं. सरांनी आपलं म्हणणं इंग्रजीत लिहून परदेशातल्या एका शास्त्रज्ञाला पाठवलं. तो माणूस दक्षिण ध्रुवावर जाऊन तिथल्या मातीतले असलेच प्राणी शोधत असे. वर्षभरानं त्याचं उत्तर आलं, आणि सोबत कागदाची एक पुडी. पुडीत ध्रुवावरचं वाळलेलं शेवाळ होतं. आमचे प्राणीही पुस्तकात तुमच्याच जातीचे म्हणून लिहिले आहेत, त्यानं लिहिलं होतं; तुम्हीच भिजवून पाहा आणि सांगा, बी एक की वेगळं.

सरांनी आयुष्यभर जे सांगितलं, ते खरं की खोटं हे त्या पुडीत होतं. आणि सर पुडी भिजवेनात! चैत्र गेला, वैशाख लागला. पुडी माठाच्या आडोशाला, एका डब्यात. डब्यावर ओलं फडकं. ते वाळलं की सर उठून दुसरं घालत. शेवटी माझं डोकं फिरलं.

"सर, ज्याच्यापायी उभ्या गावाचं हसू सोसलं ते घरात येऊन पडलं. भिजवा ना! काहून भेऊन राह्यले?"

"भिजवलं तं ते जागे होतील, भाऊ."

"मंग?"

"जागे होऊन काय पाहतील? अनसिंगचा वैशाख. बर्फातले जीव ते."

"अवो, डोयाले न दिसनारे किडे ते!"

सरांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका तरुण बाईचा फोटो होता. सरांची बायको लग्नानंतर लवकरच गेली, एवढंच मला ठाऊक होतं. त्याबद्दल सर कधी बोलत नसत.

"कमल चिखलदऱ्याची," सर म्हणाले. "उन्हाळ्यातबी गोधडी घेनारी पोरगी. पह्यल्याच वैशाखात दोनदा म्हनली, मले माहेरी नेऊन घाला, इथली हवा मले सोसत नाई. मी म्हनलो, पेपर तपासून होऊ दे." सर डब्यावरचं फडकं नीट करत राहिले. "पेपर तपासून झाले. थे नाई थांबली."

मी ओरडायला आलो होतो. तसाच उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं वाशीमला गेलो. तिथल्या सरबतवाल्याकडे अकोल्याहून बर्फाची लादी येई. ती अर्धी घेतली. भावाचा शब्द काढला नाही; घासाघीस करत बसलो असतो तर घरी न्यायला पाणीच उरलं असतं. भुसा, पोतं, वर घोंगडी असं बांधून ती सरांच्या दारात आदळली.

"घ्या. हा तुमचा ध्रुव. आता भिजवा."

सरांनी घोंगडी आणि पोतं सोडून भुसा झाडला. मग बर्फात एक बशी बसवली, तीत थंडगार पाणी घातलं आणि चिमूटभर शेवाळ सोडलं. आम्ही दोघं शेजारी बसलो. तासभर काही नाही. मग सरांनी काचेवर एक थेंब घेतला आणि मला म्हणाले, "पाहा."

एका दाण्यातून पाय बाहेर आला. मग दुसरा. बर्फातून निघून सारं जग ओलांडून आलेला तो जीव आमच्या अनसिंगात आळस देत होता.

सरांनी डोळा लावला. अंडी शोधली, नक्षी पाहिली, पेन्सिलीनं कागदावर काढून घेतली. "येगळं हाये," ते हळूच म्हणाले. "भाऊ, बी येगळं हाये."

मला वाटलं, आता हा माणूस नाचेल. सर बर्फाकडे पाहत होते. "किती टिकन हा?"

"तिसऱ्या पहरापर्यंत."

सरांनी तो थेंबही बशीत परत सोडला. मग थेंबाथेंबानं पाणी काढत शेवाळ कागदावर घेतलं आणि बर्फाशेजारी झाकून ठेवलं. "घाई केली तं मरतात. हळू हळू झोपू द्या लागते." बर्फ संपेपर्यंत आम्ही पहारा दिला.

आठ दिवसांनी सर पुडी आणि पत्र घेऊन पोस्टात निघाले. पत्रात नक्षीचं चित्र होतं, आणि शेवटी एक विनंती: जिथून आणले तिथेच यांना परत सोडावे.

पोस्टमास्तरांनी विचारलं, "आत काय हाये?"

"जिवंत प्राणी," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"जिवंत जनावर पोस्टानं जात नाई, सर."

मी सरांना बाजूला सारलं. "वाळलेलं शेवाळ हाये! उघडून पाहा. दिसलं जनावर तं मले धाडा पार्सलात!" पोस्टमास्तरांनी पाहिलं, हुंगलं आणि शिक्का मारला.

टपालाची थैली दुपारच्या बसनं जाई. सर उन्हात थांब्यावर उभे राहिले, म्हणून मीही राहिलो. थैली टपावर चढली.

"पोचतील ना, भाऊ?"

जन्मात मी कुठल्या मालाची हमी दिली नव्हती. "पोचतील," म्हटलं. "माही जबाबदारी."

बस निघाली. सरांनी हात अर्धवट वर केला, आणि कोणी पाहतंय असं वाटून तोच हात टकलावरून फिरवला. मी खाली वाकून चपलेचा अंगठा सारखा करत बसलो.